करणारी वेगळी, बघणारी वेगळी

रविवार, पंचवीस मे. काम: गाडीचा ऑइल फिल्टर बदलणे.

ताई, आधी तारीख, मग काम, बाकीचं सगळं त्याच्या खाली, ही तुझी शिस्त. म्हणून तसंच लिहिते. त्या दिवशी तुला जाऊन बावीस दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आयटीआयमधले तुझे सहकारी आले, प्रभा मॅडम किती कडक होत्या ते प्रत्येकानं सांगितलं आणि सगळे जेवून गेले. लोकांचं बोलून झालं आहे. आता मी बोलते.

त्या रविवारी दुपारी दोन वाजता कपाटात तुझा फोन वाजला. फोन मी चार्ज करून ठेवते, त्यात भावनेचा भाग नाही. गॅसचा ओटीपी अजून तुझ्याच नंबरवर येतो. स्वेटरांच्या खालून तो काढला. कोणाचा फोन नव्हता, गजर होता. पडद्यावर तुझी एक ओळ होती.

'फिल्टर. मंगल करेल. मी बघेन.'

मी गजर बंद केला. दहा मिनिटांनी पुन्हा तीच ओळ. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा. तुझे गजरही तुझ्यासारखेच, एकदा सांगून न ऐकणारे. तिसऱ्या वेळेला मी साडी बदलून जुना पंजाबी ड्रेस घातला आणि गाडीची किल्ली घेतली. खरं सांगायचं तर गजर हे निमित्त होतं. तो फिल्टर उघडायचा हे मी तुझ्या जाण्याच्या दुसऱ्या दिवशीच ठरवलं होतं आणि बावीस दिवस टाळत होते.

का टाळत होते ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हे इतरही वाचतील.

आपले वडील, आण्णा, बस डेपोत फिटर होते. त्यांचा एकच नियम होता, करणारा वेगळा, बघणारा वेगळा. आपल्या हातचं काम आपल्या डोळ्याला चांगलंच दिसतं, म्हणून ते दुसऱ्यानं बघायचं. तू चौतीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवलंस आणि तो नियम तिथे लावलास. मग घरातही लावलास. दर सहा महिन्यांनी तू पार्किंगमध्ये गाडीखाली झोपायचीस, मी बाजूला उभी राहून नट खोलायचे पाने द्यायचे. नवा फिल्टर बसवण्याआधी तू त्यावर पांढऱ्या मार्करनं लिहायचीस, 'केलं: प्र.' आणि त्याखाली 'बघितलं:'. तिथे मी 'मं.' लिहायचं. पण आधी वाकून, टॉर्च मारून बघायचं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग निघाली का? ती कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते, आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगांमधून तेल निसटतं. इंजिनात तेल राहत नाही, गाडी रस्त्यात बंद पडते. हे बघून झालं की मी मडगार्डवर दोन टिचक्या मारायच्या, म्हणजे तू बाहेर यायचं.

गेल्या नोव्हेंबरात मी टिचक्या मारल्या नाहीत.

मला ड्यूटीवर जायला उशीर झाला होता. तू खालून ओरडलीस, "मंगे, खाली ये, बघून सही कर."

मी गॅलरीतून म्हटलं, "बघितलं! लिही माझं नाव."

"दुसऱ्या मजल्यावरून काय दिसतं गं तुला?"

"सगळं दिसतं. चौतीस वर्षं शिकवतेस, तुझं काम मी काय डोंबल तपासणार?"

"म्हणूनच तपासायचं. नवशिक्याचं चुकत नाही, तो घाबरून करतो."

मी आत गेले आणि डबा भरला. तू वर आलीस, हात धुतलेस आणि एवढंच म्हणालीस, "पुढच्या वेळी तू झोप खाली. मी बघते." मग दोन दिवस अबोला.

ताई, तेव्हा तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. भाजीत मीठ दोनदा पडत होतं, शेजारच्यांच्या कुलपाला तू आपली किल्ली लावत होतीस. मला दिसत होतं. आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्टवर दुसरी सही माझी असते, आणि न बघता मी आजवर एकही कागद सोडलेला नाही. फक्त तुझा फिल्टर सोडला.

तीन मेला तू वाघोलीच्या ट्रेनिंग सेंटरमधून तास घेऊन परत निघालीस. साडेबाराच्या सुमाराला नगर रस्त्याच्या कडेला तुझी गाडी उभी होती. हँडब्रेक ओढलेला, चारही दिवे उघडझाप करत होते, बॉनेट उघडं होतं. तू ड्रायव्हरच्या सीटवर, बेल्ट लावून, पाठ सरळ. पलीकडच्या चहाच्या टपरीवालीला वाटलं, बाई मेकॅनिकची वाट बघत बसल्यात. तिनं बराच वेळ तसंच वाटू दिलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळे म्हणाले, हृदय. मी मान डोलावली. पण हृदयाचं दुखणं होतं तर बॉनेट कशाला उघडलंस?

म्हणजे गाडीनंच काहीतरी केलं असणार. तेलाचा लाल दिवा लागला असणार. तू मेच्या उन्हात उतरलीस, ते जड बॉनेट उचललंस, आणि मग झालं ते झालं. आणि तेल गेलं असेल तर ते मी गॅलरीतून तपासलेल्या फिल्टरमधून गेलं. बावीस दिवस माझ्या डोक्यात हे एवढंच होतं. एक रिंग की दोन?

पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. मे महिन्यातल्या रविवारी दुपारी बिबवेवाडीत घराबाहेर फक्त कूलरचं पाणी येतं, तेही थेंबाथेंबानं. मी गाडीचं कव्हर ओढलं. ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नव्हतं आणि बेल्ट लावलेला होता.

तुला बाहेर काढणाऱ्यांनी तो सोडवला असणार, सोडवल्याशिवाय माणूस निघत नाही. गाडी टो करून आणणाऱ्यानं पुन्हा लावला असेल. त्याला मी विचारलेलं नाही. तो तेव्हा एकच वाक्य बोलला होता, "गाडी चालू होते बरं का, बाई. तिला काही झालेलं नाही." त्या वेळी मला ते ऐकायचंही नव्हतं.

मी बेल्ट सोडला आणि आत बसले. सीट तुझ्या उंचीला पुढे ओढलेली, गुडघे स्टिअरिंगला लागले. आरसा तुझ्या डोळ्यांना लावलेला. त्यात मला मी दिसत नव्हते, मागची काचही दिसत नव्हती. मागच्या सीटचा एक कोपरा दिसत होता, रिकामा. आरसा सरळ करायला हात उचलला आणि खाली घेतला. किल्ली फिरवली. पहिल्या फिरवण्यात गाडी सुरू झाली. बावीस दिवस उभ्या असलेल्या गाडीनं निदान खोकायला तरी हवं होतं.

तू केलेल्या लाकडी चढांवर पुढची चाकं चढवली, मागे विटा लावल्या, हँडब्रेक ओढला. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, तेल पातळ होतं म्हणून. बंद करून तेलाची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घालून बघितली. तेल वरच्या खुणेला होतं. माझा विश्वास बसला नाही. पट्टी कशी वाचायची हे मी आजवर फक्त तुझ्या खांद्यावरून बघितलं होतं.

फिल्टर आधी वरूनच शोधला. तुझं 'वरून शोधायचा नाही' हे वाक्य आठवत असूनही शोधला. टॉर्च मारून जे गोल आणि काळं दिसलं त्याला हात घातला, तर ती पंख्याची मोटर निघाली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "छान. आता तो पंखा घरी लाव." मग जमिनीवर गोणपाट टाकलं आणि मी खाली सरकले.

गाडीखालून जग फार कमी दिसतं. आयुष्यभर मी तिथे उभे असलेले पाय होते आणि तू खालचा आवाज. खाली झोपल्यावर पहिल्यांदा कळलं, की तिथून बाजूच्या माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही. फक्त पाय दिसतात. ते कोणाचे आहेत हे विश्वासावर सोडावं लागतं.

तेल काढायचा नट सापडला. पाने मी सगळे बाहेर, हाताला लागणार नाहीत असे ठेवले होते. नवशिकी माणसं करतात तशी चूक. बाहेर यायचा कंटाळा केला आणि डावीकडे बघितलं, तर चाकाशेजारी पाय होते.

निळ्या रबरी चपला. डाव्या चपलेच्या अंगठ्यावर हिरव्या ऑइलपेंटचा थेंब. तो तू गॅलरीचं ग्रिल रंगवताना पडला होता आणि तुला तो काढायला कधी वेळ झाला नव्हता. पाय माझ्याकडे वळलेले, जरा फाकलेले, हलत नव्हते.

मला भीती वाटली नाही. खरंच सांगते. काम अर्ध्यात होतं. मी हात बाहेर काढला आणि तू म्हणायचीस तसंच म्हटलं, "सतरा."

फरशीवरून पाना सरकल्याचा आवाज झाला आणि तो माझ्या तळहाताला लागला. दांड्याकडून लागला. पाना नेहमी दांड्याकडून द्यायचा, हे तू मला पन्नास वेळा ऐकवलं आहेस. मी नट सैल केला. तेल टबात पडायला लागलं, काळं आणि कोमट. मग माझ्या लक्षात आलं, की आपण काय केलं.

"ताई?"

"मी हाय, बाई. शांता." पाय हलले. आपल्याकडे झाडू-फरशीला येणारी शांताबाई वाकून आत बघत होती. "तुम्ही आत काय करताय? मला वाटलं, पडलात."

"या चपला—"

"तुम्हीच तर दिल्या मागं. म्हणलात, घेऊन जा. परत पायजेत का?"

मीच दिल्या होत्या. तुझ्या वस्तू मी पहिल्या आठवड्यातच वाटल्या, ठेवून त्यांचं काय करायचं? "नकोत," म्हटलं. "पाना बरोबर दिलास."

"कसला पाना?"

"हा. सतरा नंबरचा."

"मी कशाला देऊ? आत्ता तर आले. तुम्ही ताई म्हणलात, मंग मी वाकले." ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "बाई, उन्हाचं एकट्या नका करत बसू. प्रभाताई असत्या तर निराळं होतं."

ती कचऱ्याचा डबा घेऊन गेली. चपलांचा फटफट आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. मी हातातला पाना टॉर्चजवळ धरला. सतरा. शांताबाईला आकडे वाचता येत नाहीत, घराघरातले दिवस ती गाठी मारून लक्षात ठेवते. मी याच्यापुढे विचार केला नाही. टबातलं तेल थेंबाथेंबावर आलं, नट परत लावला.

"वरून शोधायचा नाही. खाली झोपलीस की उजव्या हाताला, मागे, पेल्याएवढा डबा. डोळा जात नाही, हात जातो." तुझं ते वाक्य धरून मी हात घातला. तारा लागल्या, मग एक गरम नळी लागली, मग तो लागला. आजारी माणसाच्या कपाळाएवढा गरम. हातानं फिरेना. आण्णांचा कमरेचा पट्टा तू हत्यारांच्या पेटीत का ठेवलास हे तेव्हा कळलं. तो फिल्टरभोवती गुंडाळला, ओढला, आणि फिल्टरनं एक करकर आवाज करून जागा सोडली. तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

फिल्टर छातीवर घेऊन टॉर्च मारला. 'केलं: प्र.' अक्षर तुझंच, पण ओळ सोडून खाली उतरलेलं. 'बघितलं:' आणि पुढे काही नाही. मी वरून ओरडले होते की लिही माझं नाव. तू लिहिलं नाहीस. रागानं बोलली नाहीस, पण खोटंही लिहिलं नाहीस. सहा महिने ती जागा कोरी ठेवून तू गाडी चालवलीस.

फिल्टरच्या तोंडाला रबरी रिंग होती. एक. इंजिनाच्या बाजूला धातू लागायला हवा होता. बोट फिरवलं.

रबर लागलं.

नखानं उचललं, तर ते निघालं. चपटं, कडक झालेलं, जुनं. दोन रिंगा पोटावर ठेवून मी किती वेळ पडून होते माहीत नाही. कूलरचं पाणी कुठेतरी पत्र्यावर पडत होतं. चुकलीस तू होतीस, ताई, आणि बघायचं राहिलं माझं. आण्णांच्या नियमात या दोन गोष्टींना सारखं वजन नाही. करणाऱ्याची चूक माफ असायची. न बघणाऱ्याची नसायची.

मग मी बाहेर आले आणि मला येतं ते काम केलं. मोजलं. टबातलं तेल मापाच्या भांड्यात ओतलं, भांड्यामागून भांडं. गाडीच्या पुस्तकात जेवढं लिहिलंय तेवढं भरलं. पुन्हा मोजलं. तेवढंच. गाडीच्या पोटावर कोरडा कागद फिरवला, कागद कोरडाच निघाला. तुझ्या आयटीआयमधल्या पठाण सरांना फोनवर झोपेतून उठवून विचारलं. ते म्हणाले, "दोन रिंगा? मॅडम, पहिल्याच दिवशी तेल रस्त्यावर. सहा महिने अशक्य."

"सहा महिने चालली आहे."

"मग तुम्ही काहीतरी चुकीचं बघताय." मी फोन ठेवला.

म्हणजे तेल होतं. वाघोलीहून परत येतानाही होतं, नगर रस्त्यावरही होतं. ज्या गोष्टीनं गाडी बंद पडायला हवी होती ती गोष्ट तिथे होती, आणि गाडी बंद पडली नाही. तुझ्या गाडीला काही झालं नव्हतं. तरी तू बॉनेट उघडलंस.

उघड्या बॉनेटसमोर उभी असताना मला खंबाटकीचा घाट आठवला. आठ-दहा वर्षांपूर्वी आपल्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा तुटला होता. मी रस्त्यावर उभी राहून हात हलवत होते आणि एक गाडी थांबत नव्हती. तू म्हणालीस, "मंगे, आत ये. हात दाखवणाऱ्या बाईला लोक घाबरतात. उघड्या बॉनेटला कोणी घाबरत नाही. बॉनेट वर कर, दिवे लाव, आत बसून राहा. कोणीतरी बघायला येतंच." मी तुला नावं ठेवत आत बसले. पाच मिनिटांत एक जोडपं थांबलं होतं.

तू गाडीसाठी बॉनेट उघडलं नव्हतंस. छातीत दुखायला लागलं, तू गाडी कडेला घेतलीस, हँडब्रेक ओढलास, दिवे लावलेस, उतरून बॉनेट वर केलंस, आत येऊन बेल्ट लावलास, तोल जाऊ नये म्हणून. आणि कोणीतरी बघायला येईल म्हणून बसून राहिलीस. सगळं बरोबर केलंस. बघणारं कोणी आलं नाही.

इथे मला आपलं दुसरं भांडण आठवतं. तेही नोव्हेंबरातलंच. अबोला सुटल्यावर मी तुला म्हटलं होतं, "जिना चढताना थांबतेस. रक्त दे, उद्या लॅबमध्ये लावते." तुझ्या नावाचं लेबल लावून नळीसुद्धा पर्समध्ये टाकली होती. तू पेपरातून डोकं वर न काढता म्हणालीस, "कशाला? तूही गॅलरीतूनच सही कर की. लिही, सगळं नॉर्मल." मी हसले. बोलणं चांगलं होतं, दाद द्यायलाच हवी होती. पण त्यावर मी तुझा हात धरायला हवा होता आणि सुई काढायला हवी होती. अनोळखी माणसांचे हात धरते मी, रोज साठ-साठ. नळी सहा महिने पर्समध्ये फिरली. फिल्टरनं तुला मारलं नाही, ताई. एवढं त्या दुपारी नक्की झालं. मी सुटले मात्र नाही. माझं बघायचं राहिलेलं काम वेगळंच निघालं.

काम मात्र अर्ध्यात सोडता येत नव्हतं. हात पुसून मी नव्या फिल्टरचा खोका उघडला. तू मार्चमध्येच आणून ठेवला होतास. डबा बाहेर काढला आणि त्यावर आधीच लिहिलेलं होतं. तेच अक्षर, तसंच ओळ सोडून खाली उतरलेलं.

'केलं: मं.'

'बघितलं: प्र.'

दोन्ही रकाने भरलेले. न केलेल्या कामावर, न बघता, तू आधीच सही करून ठेवली होतीस. तू, जिनं माझं खोटं नाव लिहायला नकार दिला. मी तो डबा बराच वेळ उलटसुलट केला. मार्कर वाळलेला होता, पुसला गेला नाही.

पुन्हा खाली सरकले. इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवलं. धातू, फक्त धातू, तीनदा. नव्या रिंगेला बोटानं तेल लावलं. डबा हातानं फिरवत नेला, टेकला, आणि तिथून पाऊण फेरा, पान्यानं नाही, हातानंच. झालं.

तेव्हा वर मडगार्डवर टिचकी वाजली. थांबून दुसरी.

मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पाय नव्हते. चारही बाजूंना रिकामी फरशी, उन्हाच्या पट्ट्या आणि माझा एकटीचा श्वास. गरम लोखंड थंड होताना वाजतं, हे तूच मला शिकवलं आहेस. ते दोनदाच का वाजावं, हे नाही शिकवलंस. मी "आले" म्हटलं आणि बाहेर आले. नवं तेल भरलं, इंजिन सुरू केलं, खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. जुनं तेल कॅनमध्ये, दोन्ही रिंगा रुमालात. आंघोळीला तीनदा साबण लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले. वर्तमानपत्र कोरं होतं. पण लोखंडाच्या आवाजाला मी सही मानत नाही, म्हणून शांताबाईला गाठलं. टॉर्च हातात दिला, गोणपाटावर झोपवलं. तुझ्या चपला तिनं बाहेर, चाकाशेजारी काढून ठेवल्या. ती आतून म्हणाली, "कोरडं हाय, बाई. आता उठू का? लोक बघत्यात."

"नीट बघितलंस?"

"तोंडाजवळ नेऊन बघितलं. वासबी घेतला. तुमचं आपलं काहीतरीच."

मग चहा न घेता मी गाडी काढली आणि नगर रस्त्याला लागले. टपरी सापडली, तिच्यासमोरची जागा सापडली. गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, चारही दिवे लावले, उतरून बॉनेट वर केलं. जड आहे ते, ताई. आत येऊन बेल्ट लावला, पाठ सरळ केली आणि घड्याळ बघितलं. आरसा मी हलवलेला नव्हता. त्यात मागच्या सीटचा कोपरा होता.

ट्रक गेले. बस गेली. एका गाडीतल्या माणसानं माझ्याकडे बघत बघत फोनवर बोलणं चालू ठेवलं. टपरीवालीनं वर बघितलं, त्याच पांढऱ्या गाडीकडे बघितलं, आणि पातेलं गाळायची थांबली. ती जागची हलली नाही. घाम कानामागून गळ्यात उतरत होता. किती वेळ लागतो, एवढंच मला बघायचं होतं.

अकरा मिनिटं लागली. एक स्कूटर पुढे जाऊन वळून आली. बाईनं तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. चेहरा नावालाही नाही. तो नसलेला चेहरा माझ्या खिडकीत वाकला.

"काय झालं, ताई? बघू का?"

मी काच पूर्ण खाली केली आणि म्हटलं, "गाडीला काही झालेलं नाही."

"मग बॉनेट कशाला उघडलंय?"

"कोणी बघायला थांबतं का, ते बघत होते."

गॉगल उघड्या बॉनेटकडे वळला आणि परत माझ्याकडे आला. "थांबलं ना? मग आता बंद करा. अशानं खऱ्या अडचणीतल्या बाईला कोणी थांबणार नाही उद्या." तिनं स्कूटर सुरू केली, मग पुन्हा मागे वळून म्हणाली, "तुमचा चेहरा बरा दिसत नाही पण. घरी जा." आणि गेली. चेहरा नसलेल्या बाईनं माझा चेहरा बघितला.

अकरा मिनिटं, ताई. तुला तेवढी मिळाली नाहीत की तुला मिळाली आणि कोणी आलंच नाही, हे मला कधी कळणार नाही. मी बॉनेट खाली घेतलं आणि घरी न जाता लॅबमध्ये गेले. रजा टाकलेली होती. रक्त घ्यायच्या खोलीत माझी सहकारी अनिता एकटी होती. मी तिच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत, पेशंटच्या खुर्चीत बसले आणि डावी बाही वर केली.

"मॅडम, तुम्ही?"

"उपाशी आहे. सगळं लाव. आणि रिपोर्टवर दुसरी सही तू कर, मी करणार नाही. बघून कर."

पर्समधून रुमाल काढताना दोन रिंगांबरोबर तुझी नळीही टेबलावर आली, लेबल लावलेली, रिकामी. अनितानं नाव वाचलं आणि ती बाजूला उभी करून ठेवली. मग दंडाला पट्टा बांधला. "तिकडे बघा, मॅडम," ती म्हणाली. हे वाक्य मी रोज साठ जणांना सांगते.

"नाही," म्हटलं, आणि सुई आत जाऊन नळी भरेपर्यंत मी नजर हलवली नाही.